निघताना टोकणारी पट्टी

मित्रांनो, जुहूच्या विमानतळावर एका क्लबच्या शेडमध्ये खिळ्याला हातभर लांबीची लाकडी पट्टी टांगलेली आहे. ती मी. आता माझ्या कडा झिजल्या, पण अंगाचा पेट्रोलचा वास काही गेला नाही.

मला घडवलं हरेश्वरने. तो जुहू कोळीवाड्याचा, क्लबातला मेकॅनिक. १९६३ साली त्याने मोडक्या वल्ह्याचा तुकडा तासला आणि त्यावर पाच खाचा पाडल्या. छोट्या विमानाच्या पंखातल्या टाकीत मला उभं बुडवायचं आणि कितव्या खाचेपर्यंत भिजले ते बघायचं, एवढंच माझं काम. "पेट्रोलचा काटा अडकतो, ही नाय अडकत," असं तो नवशिक्यांना सांगायचा, तेव्हा मला केवढा अभिमान वाटायचा!

शेडमधल्या फळ्यावर ठिकठिकाणच्या छोट्या विमानांच्या अपघातांची पत्रकं लागत. हरेश्वर डबा खाताना ती अक्षराला अक्षर लावून वाची आणि जपून ठेवी. वाचता वाचता एके दुपारी त्याने हातातला घास डब्यात परत ठेवला. मेलेल्यांत नवशिके फार थोडे होते. हजारो तास उडालेलेही थोडेच. बहुतेक जण शंभर ते तीनशे तास झालेले, रविवारी हौसेने उडणारे. मला त्याचं नवल वाटलं नाही. शंभर तास झाले की लोक मला खिळ्यावरून काढेनासे होतात, हे मी रोज पाहत होते.

चंद्रप्रकाशांचे दोनशे तास झाले होते. मुलुंडला त्यांचा लहानसा कारखाना होता. माणूस मोठा दिलदार. १९६९ सालच्या एका रविवारी त्यांना आपल्या मुलुंडच्या सोसायटीवरून दोन चकरा मारायच्या होत्या; मुलं गच्चीत रुमाल घेऊन उभी राहणार होती. हरेश्वरने मला पुढे केलं.

"राहू दे रे, काटा फुल दाखवतोय ना!"

हरेश्वरने मला मागे घेतलं आणि चाकाखालचा ठोकळा काढला. कोळीवाड्यात होडी दर्यावर निघाली की कुणी टोकत नाही. टोकणं म्हणजे अपशकुन. नेमकी तीच सवय आडवी आली आणि मी त्याच्या हातात कोरडीच राहिले.

विमान मुलुंडच्या मिठागरात कोसळलं. चंद्रप्रकाश गेले. टाकीत पेट्रोलचा थेंब नव्हता आणि काटा अजून फुलवर अडकलेला होता. त्या दिवशी मला रडता आलं असतं तर बरं झालं असतं.

तेव्हापासून हरेश्वर प्रत्येकाला टोकू लागला. वैमानिकाने स्वतः मला भिजवून दाखवल्याशिवाय तो चाकाखालचा ठोकळा काढत नसे. लोक वैतागत, तक्रारी करत. तो ऐकून घेई आणि ठोकळ्याजवळून हलत नसे.

१९७४ साली पार्ल्याच्या अनुपमाचे एकशे ऐंशी तास झाले. हरेश्वरने तिला पहिल्या दिवसापासून पाहिलेलं. त्या सकाळी तिची आई, वनमालाबाई, पहिल्यांदाच तिचं उडणं बघायला आली होती. हरेश्वर मला घेऊन पुढे झाला. माझा जीव टांगणीला लागला.

"काका, आत्ताच भरलंय. मी पाहिलंय ना! उगाच उशीर नको."

"मी ठोकळा नाय काढणार."

"अहो, पोरगी निघालीय, टोकू नका हो!" वनमालाबाई कळवळून म्हणाल्या.

हरेश्वरचा चेहरा उतरला. "वहिनी, एकदा नाय टोकलं. अजून झोप नाय मला."

अनुपमा फणकाऱ्याने शिडीवर चढली आणि तिने मला टाकीत बुडवलं. मी थेट पाचव्या खाचेपर्यंत ओली झाले. टाकी काठोकाठ भरलेली होती.

"बघा! झालं समाधान?"

हरेश्वरने मान डोलावली आणि ठोकळा काढला. विमान दिसेनासं झालं. वनमालाबाई पदराचं टोक मुठीत धरून उभ्या होत्या, टोकलं म्हणून मनातल्या मनात त्याला दोष देत. तो मला छातीशी धरून आभाळाकडे बघत होता. टाकी भरलेली आहे हे मला ठाऊक होतं, तरी मीसुद्धा घाबरले होते. मी वाळून कोरडी झाले, तेव्हा कुठे समुद्राकडून घरघर ऐकू आली.

अनुपमा सुखरूप उतरली. दुपारी ती पुन्हा उडायला निघाली आणि कुणी काही म्हणायच्या आत तिने खिळ्यावरून मला काढलं.

मित्रांनो, दोनशे वेळा मी तुम्हाला भरलेलीच टाकी दाखवीन. तुम्ही मला हसाल आणि खिळ्यावर विसराल. पण दोनशे एकाव्या वेळी तुमचं कुणीतरी गच्चीत रुमाल घेऊन उभं असेल. म्हणून सांगते, निघताना मला टोकू द्या.