सडका आंबा मावशी

रत्नागिरीतल्या हाडांच्या डॉक्टरांकडे मी बाकावर बसले होते. काउंटरवरच्या मुलीनं मोठ्यानं हाक मारली, "सडका आंबा मावशी कोण आहेत? आत या."

सगळे हसले. कोण बाई ही, म्हणून मीसुद्धा मान वळवून बघितलं. मग त्या मुलीनं नंबर वाचला. नंबर माझा.

"मावशी, चिडू नका," ती बिचारी म्हणाली. "तुम्ही फोन केलात तेव्हा स्क्रीनवर हेच नाव आलं. मी तेच लिहिलं."

गुडघ्यासाठी गेले होते. डॉक्टर काय म्हणाले त्यातलं एक अक्षर आठवत नाही. तळपायाची आग मस्तकात गेली होती, तिथं गुडघा कुठला दुखतोय!

परतीच्या एसटीत माझी पुतणी सानिका शेजारी होती. ती रत्नागिरीत कॉलेजला जाते, फोनातलं तिला सगळं कळतं. तिनं मला समजावलं. अनोळखी नंबर कुणाचा हे सांगणारं एक अॅप असतं. लोकांनी आपापल्या फोनात माझा नंबर ज्या नावानं ठेवला असेल, त्यातलं जास्तीत जास्त जणांनी ठेवलेलं नाव ते अॅप साऱ्या जगाला दाखवतं.

"म्हणजे पाणवठ्यावरच्या गप्पाच की गं," मी म्हटलं.

"तसंच काकी. फक्त पाणवठा लय मोठा."

ते लोक कोण, हे मला ठाऊक होतं. गेल्या मे महिन्यात पुण्याहून, नाशकाहून फोन यायला लागले होते. आंबा आतून काळा निघाला, लाज वाटत नाही का, म्हातारी होऊन लोकांना फसवता. मी म्हणायची, अहो, मी तुम्हाला आंबा पाठवलाच नाही. एका बाईनं पेटीचा फोटो पाठवला. पेटीवर मी! हिरवं लुगडं, हातात आंबा, तोंडभर हसतेय. खाली लिहिलेलं, "थेट मथुराकाकीच्या बागेतून. काकीशी बोला", आणि माझा नंबर.

फोटो काढला होता विनोदनं. माझ्या चुलत दिराचा मुलगा. रत्नागिरीत गाळा घेऊन तो मोबाईलवरून आंबा विकतो. "काकी, हस वायच, बाग किती छान दिसत्येय बघ," म्हणाला, आणि मी हसले. बाग माझी, हसू माझं, आणि पेटीत बाहेरच्या राज्यातून ट्रकनं आलेला, पावडर मारून पिकवलेला आंबा. शिव्या खायला काकी. स्वतःचा नंबर त्यानं फक्त ऑर्डर घेण्यापुरता ठेवला होता.

दवाखान्यातून आले ती तशीच त्याच्या दारात गेले. तो पडवीत झोपाळ्यावर बसला होता, उठलासुद्धा नाही.

"काकी, लोकांनी काय नाव ठेवावं ते माज्या हातात हाय काय? तू नंबर बदल. दुसरं सिमकार्ड मी आणून देतो."

माझ्या नवऱ्यानं मुंबईहून पहिला फोन आणला तेव्हापासूनचा तो नंबर. नवरा गेला, नंबर राहिला. बोटीवर असलेला माझा मुलगा सागर जगातल्या कुठल्या बंदरावरून फोन करायचा तर पाठ असलेला हा एकच नंबर. आणि हा मेला मला सिमकार्ड देतो! मी त्याच्या अंगणात थुंकले आणि घरी आले. हो, थुंकले. सांगायला काय जातंय?

त्या दिवसापासून एकच ध्यास. माझं नाव त्यानं सडवलं, त्याचं मी सडवीन.

पुढची कल्पना सानिकाची नाही, माझी. मला शिव्या देणाऱ्या सगळ्यांचे नंबर माझ्याच फोनात पडलेले होते. त्यानं स्वतःच गोळा करून दिलेली फौज! पावसाळाभर मी एकेकाला फोन केला. पहिल्यांदा कुणी उचलायचं नाही. सडका आंबा मावशीचा फोन कोण उचलणार? मग सानिकानं मला बागेत उभं करून व्हिडिओ काढला आणि त्या सगळ्यांना पाठवला. मी म्हटलं, "आंबा माझा नव्हता. फोटो माझा, फसवणूक त्याची. ज्या नंबरावर तुम्ही ऑर्डर दिली तो नंबर उघडा आणि त्या माणसाला त्याच्या लायकीचं नाव ठेवा."

इकडे बचत गटाच्या बैठकीत सगळ्या बायकांच्या फोनात ते अॅप आलं. नाव काय ठेवायचं यावर जी चर्चा झाली, तशी कर्जवाटपावरही कधी झाली नव्हती. मैनाकाकीनं शिमग्यात होळीपुढं ओरडायच्या फाकांतली अशी एक ठेवणीतली शिवी सुचवली की सानिका कानावर हात ठेवून बाहेर पळाली. शेवटी साधंच ठरलं, "खोटा हापूस विनोद". मुंबईतल्या चाकरमान्यांच्या ग्रुपवरही तेच गेलं. भावकीतल्या काहींनी, घरातलं भांडण जगभर कशाला, म्हणून कुरकुर केली. मी म्हटलं, माझा फोटो पुण्याला गेला तेव्हा कुठं झोपला होतात?

फाल्गुन आला. आंब्याच्या ऑर्डरी घ्यायचे दिवस. विनोद फोन करी, पलीकडे कुणी उचलत नसे. ट्रकवाला नाही, खोकीवाला नाही, गिऱ्हाईक तर नाहीच. आणि शिमग्याच्या तोंडावर एका संध्याकाळी तो माझ्या दारात उभा राहिला. उतरलेला चेहरा, चार दिवसांची दाढी. पाहून मला काय गार वाटलं म्हणून सांगू!

"काकी, कोन फोन उचलत नाय माजा. बायकोच्या माहेरच्यांनीपन विचारलान, ह्ये कसलं नाव येतंय म्हनून."

"लोकांनी काय नाव ठेवावं ते माज्या हातात हाय काय रे?"

तो खाली बसला. "काय करू सांग."

"शिमग्याची पालखी माज्या खळ्यात येईल तेव्हा ये. देवीच्या म्होरं खरं बोल, मग आमी बायका तुजं नाव काढू."

त्याचा रंग उडाला. गिऱ्हाइकाशी तो दिवसभर खोटं बोलेल, पण पालखी अंगणात टेकलेली असताना, गुरव गाऱ्हाणं घालत असताना खोटं बोलायची आमच्या गावात अजून कुणाची छाती नाही. आणि त्याच्या घराला पालखी उचलण्याचा मान.

पालखी आली. ढोल थांबले, मी ओटी भरली. भिकाजी गुरवानं नारळ हातात घेऊन नेहमीचं गाऱ्हाणं घातलं, पोराबाळांचं, गुराढोरांचं, मुंबईला असलेल्यांचं. मग विनोदकडे बघून थांबला.

विनोद पुटपुटला, "काय चूकभूल झाली असंल तर..."

"असंल तर नाय," मी म्हटलं. "काय केलास ते सांग."

शेवटी त्यानं पालखीच्या दांड्याला हात लावला. "आंबा बाहेरचा व्हता. फोटू काकीचा, नंबर काकीचा. शिव्या तिला खायला लावल्या."

भिकाजीनं नारळ वर उचलला. सारं गाव एका आवाजात म्हणालं, "व्हय महाराजा!"

ते ऐकून मला वाईट वाटायला हवं होतं, असं भावकीतले शहाणे नंतर म्हणाले. नाही वाटलं. पोटभर जेवल्यावर वाटतं तसं वाटलं. बायकांनी त्याचं नाव फोनातून काढलं, शब्द दिला होता म्हणून. पुण्या-नाशकाच्या लोकांनी किती काढलं ते देवीला ठाऊक. व्हिडिओ बघून लोकांनी माझंही नाव बदललं होतं; माझ्या नंबरावर आता फक्त "मथुराकाकी" येतं, सानिकानं मला दाखवलं. त्या दिवशी मी पुरणपोळी केली.

चैत्र सरता सरता फोन वाजला. नागपूरची एक बाई होती, रागानं भांडत होती. आंबा आतून काळा, पेटीवर तुमचा फोटो. पेटीवरचा नंबर लागत नाही, म्हणून अॅपमध्ये "मथुराकाकी" शोधून तुमचा काढला.

मी विनोदला बोलावून घेतलं. त्यानं देवीची शपथ घेतली, आणि मी त्याच्यावर विश्वास ठेवला. "काकी, फोटू नेटवर हाय. कोनीपन उचलतो. आता तो परत आनायचा म्हनजे..."

बाईनं पेटीचा फोटो पाठवला. हिरवं लुगडं, हातात आंबा. खाली नंबर भलताच होता, पण हसणारी मीच. ते हसू मी माझ्या पुतण्यासाठी हसले होते. आता ते कुणाच्याही पेटीवर बसेल, मी मेल्यावरसुद्धा बसेल.

मी तिला परत फोन लावला. बोलायला जमेना. पलीकडे ती जरा नरमली.

"मावशी, रडताय का तुम्ही?"

"नाही," म्हटलं. "तुम्ही ऑर्डर कुठल्या नंबरावर दिलीत तो सांगा."