आत्या, पट्टी कुठे आहे?

ताईच्या नव्या कॉम्प्युटरवर विंडोज काढून लिनक्स मीच घातलं होतं. "आता दहा वर्षं बघायला नको," असंही मीच म्हणालो होतो. त्याला दहा दिवस झाले होते.

आज सकाळी मी अपडेट केलं आणि पडदा काळा झाला. ताईच्या पहिल्या स्वतंत्र कामाचा, एका दवाखान्याच्या इमारतीचा नकाशा त्यात अडकला. बारापर्यंत पाठवायचा होता. सव्वाअकरा झाले होते.

"सोपं आहे," मी म्हणालो. "सुरू होताना पाच सेकंद एक यादी येते. तिच्यातून अपडेटच्या आधीची आवृत्ती निवडायची, की झालं."

"कुठेय यादी?"

यादी नव्हती. मी बंद-चालू, बंद-चालू करत राहिलो. ताई नखं खात होती. आठव्या खेपेला नखं संपली आणि ती माझ्याकडे बघू लागली.

तेवढ्यात बाहेरच्या खोलीतून आत्या कडाडली. "अरे ए दिवट्या! माझ्या मालिकेत सारखी काळी पाटी कोण लावतंय? आठ वेळा झालं! मोठी सून काय म्हणाली ते अजून कळलं नाही मला!"

आम्ही दोघांनी भिंतीकडे पाहिलं. भिंतीतल्या भोकातून एक केबल टीव्हीकडे गेली होती. नव्या कॉम्प्युटरचा रुबाब मोठ्या पडद्यावर दाखवायला तीही मीच ओढली होती. कॉम्प्युटर सुरू झाला की टीव्ही आपोआप त्याच्यावर जायचा.

यादी येत होती. आत्याकडे येत होती.

"आत्या, चष्मा लाव! पाटीवर पांढरी पट्टी दिसली की ओरड!" मी नवव्यांदा बटण दाबलं.

"आली! पहिल्या ओळीवर आहे. खाली आकडे उतरतायत रे, पाच, चार..."

मी खालचा बाण दाबला.

"आकडे थांबले! पट्टी दुसरीवर."

एंटर.

"आता वेगळीच यादी. चार ओळी."

"तिसरीवर जायचंय, आत्या."

"दुसरी... तिसरी... अरे थांब! पुढे गेलास, बैलोबा! मागे ये. हां. दाब आता!"

मी एंटर दाबलं. ताईचा पडदा उजळला.

शेवटचं एक दार बसवून नकाशा अकरा अठ्ठावन्नला गेला. बारा वाजून एक मिनिटाने उत्तर आलं: मिळाला, उत्तम आहे. ताई खुर्चीवर चढून नाचली. खुर्ची चाकांची होती, पण आज तिला काही होणार नव्हतं.

"ए," खाली उतरल्यावर तिने हळूच विचारलं, "ती केबल नुसती उपटली असती तर?"

"तर यादी इथेच आली असती."

आम्ही बाहेर डोकावलो. आत्या शेजारणीला फोनवर सांगत होती, "अगं, कसली मालिका घेऊन बसलीस! मी आत्ता अख्खा दवाखाना उभा केला."

केबल आम्ही तशीच ठेवली.