दर्शनाला येणारे झिंगे

रामधनची तऱ्हाच वाईट. भुरीबाईनं अंगाखांद्यावर खेळवून वाढवलेला दीर, पण तिचा नवरा गेल्यापासून त्यानं तिच्या दारात पाय ठेवला नव्हता. लेक पुण्याला. धनजच्या शिवारात शेततळ्यावर ती एकटी. तापानं फणफणली तेव्हा तांब्याभर पाणी द्यायला कुणी नव्हतं. आणि आता हाच गडी रोज उजाडता उजाडता कुण्या महाराजांना घेऊन हजर, मागे पन्नास माणसं.

कारण तिच्या तळ्यातले झिंगे दर्शनाला येत होते. महाराज काठावर बसून अंगारा टाकायचे, "या रे माह्या लेकरायहो" म्हणायचे, आणि झिंगे खरंच मिशा वर काढून काठाशी गोळा व्हायचे. ऊन चढलं की तळाशी.

"आशीर्वाद घेऊन गेले," महाराज सांगायचे.

लोक तळ्यात दूध, गूळ, कणीक वाहू लागले. पाणी गर्द हिरवं झालं, तर महाराज म्हणाले, पाचू उतरला. झिंगे मरून तरंगू लागले, तर म्हणाले, मुक्त झाले.

ओसरीवर चहा प्यायला माणसं येत होती, हे भुरीबाईला गोड लागत होतं. ती कुणाला सांगणार नव्हती एवढंच. पण झिंगे तिनं पोरांसारखे पोसले होते. मेलेले टोपलीत भरून ती कामरगावला विज्ञानाच्या बाई रंजीता यांच्याकडे गेली.

रंजीताबाई आल्या. दोरीला स्टीलची ताटली बांधून त्यांनी पाण्यात सोडली. वीतभर खाली गेली आणि दिसेनाशी झाली.

"मावशी, हा हिरवा रंग बारीक शेवाळाचा. एकेक डोळ्याले दिसत नाही इतकं बारीक. थोडं असलं तं चांगलंच, झिंग्यायच्या पोटाले लागते. पण दूध-गुळानं ते माजलं. दिवसा उन्हात ते पाण्यात प्राणवायू सोडते, रात्री तोच ओढून घेते. उजाडता उजाडता पाण्यात काही उरत नाही."

"मंग ते पाया पडाले नाही येत?"

"दम घ्याले येतात."

दुसऱ्या दिवशी भुरीबाईनं पहाटेच इंजिन लावलं. तळ्याचंच पाणी पाइपातून फवाऱ्यासारखं उडून तळ्यात पडू लागलं. महाराज आले, अंगारा टाकला, हाका मारून घसा बसला. एक मिशी वर आली नाही.

"आज उपास हाये त्यायचा," महाराज म्हणाले.

"उपास नाही बापा, आज त्यायले पोटभर हवा भेटली," भुरीबाई म्हणाली. मग त्या दिवशीही आलेल्या रंजीताबाईंनी सगळ्यांदेखत ताटली सोडून दाखवली आणि शेवाळाचं गणित समजावलं. भुरीबाई गर्दीकडे वळली. "हात जोडाच्या आधी एकडाव 'काहून, कशासाठी' म्हणून पाहत जा. पैसा लागत नाही त्याले."

महाराजांनी मोटरसायकल गाठली. माणसं पांगली. ओसरीवरचे कप तसेच राहिले. रामधन तेवढा मागे घुटमळला.

"वहिनी, चारचौघात माही इज्जत घालवली तुमी."

भुरीबाईनं इंजिन बंद केलं. सगळीकडे शांत झालं.

"झिंगे गुदमरून वर आले, तं तू हात जोडले. मी ओसरीत वाट पाहत बसली, तं तू रस्ता बदलला. तुले आंधळा नाही म्हणत मी, रामधन. जित्या जीवाकडं पाह्याचंच नाही तुले."