नरहरकाकांनी टाकलेलं नाव

जवळ सरकून बसा, माउली, दिग्रसच्या वाचनालयाची ग्रंथपाल रुबीना, तिची गोष्ट सांगतो.

कापसावर फवारणी करताना माणसं विषबाधेनं आजारी पडत होती, त्या वर्षीची. तोंड-हात कसे झाकावेत याची पत्रकं वाचनालयाच्या संगणकावर छापून रुबीनाला चारच्या एसटीनं गावोगाव धाडायची होती. नवा प्रिंटर आला, पण त्याचं सॉफ्टवेअर संगणकातली लिनक्स प्रणाली काही घेईना. तीनदा मशीन बंद-चालू केलं, तरी उत्तर एकच: परवानगी नाही.

दोन वाजता तिनं उमरखेडला फोन लावला, तिच्या आधीचे ग्रंथपाल, आता निवृत्त झालेले नरहरकाका, त्यांना.

"काका, तुमचा पासवर्ड सांगा न."

"माहा कायले? पूजा करते का त्याची? हुकुमाच्या आधी सुडो लिही, म्हंजे मशीन तो मुख्य अधिकारानं पाळते, अन् पासवर्ड तुहाच टाक."

"मले कुठं अधिकार हाय?"

"निघालो त्या दिवशीच तुहं नाव अधिकाराच्या यादीत टाकलं, पोरी. तू कधी करून पाह्यलंच नाही."

तिनं भीत भीत स्वतःचा पासवर्ड टाकला. पडद्यावर ओळी धावल्या, प्रिंटर घरघरला, आणि चारच्या एसटीत पत्रकांचा गठ्ठा चढला.

बापहो, खुर्ची सोडायची वेळ येईल, तेव्हा न मागता अधिकार देऊन गेलेल्या नरहरकाकांची तेवढी आठवण ठेवा.