बंद कारखान्यातही फिरणारा मीटर

मित्रांनो, मी एक जुना वीजमीटर आहे. काचेआड फिरणारी एक चकती आणि वर आकड्यांची पट्टी, एवढाच माझा संसार. पण आधीच सांगून ठेवतो, चाळीस वर्षांत मी एकदाही खोटं बोललेलो नाही.

माझा जन्म स्लोव्हेनियातला. तेव्हा स्लोव्हेनिया आणि सर्बिया एकाच देशात होते, म्हणून मी सर्बियातल्या पिरोत गावच्या या मोज्यांच्या कारखान्यात आलो. नवा होतो तेव्हा मला रोज पुसत, माझा आकडा वहीत लिहीत. पुढे माझ्यावर लोकरीचा कोंडा साचला आणि बिल आलं की शिव्या देण्यापुरतीच माझी आठवण राहिली.

पिरोतकरांच्या चिकटपणाची सगळा सर्बिया थट्टा करतो. आमचे मालक ल्युबिंको तर स्वतः फिरून एकेक दिवा विझवत. तरी विजेचं बिल वाढतच गेलं. शेवटी त्यांनी विणकाम विभागावर खापर फोडलं. जुनी यंत्रं वीज खातात, ईस्टरनंतर विभाग बंद, असं त्यांनी सांगून टाकलं. अठरा बायकांचं काम जाणार होतं.

त्यांच्यातली सर्वांत जुनी विणकर विदोसावा. ती संध्याकाळी काम सुटताना आणि सकाळी येताना माझा आकडा तळहातावर लिहू लागली. रात्रभर यंत्रं बंद, तरी आकडा पुढे. तिने मालकांना हात दाखवला, तर ते म्हणाले की मीटरच खुळा झालाय, काढून टाका. खुळा म्हणे मी! फार राग आला मला.

इलेक्ट्रिशियन माझे स्क्रू काढायला आला, तशी विदोसावा माझ्यासमोर आडवी उभी राहिली.

"काढा हवं तर, मालक. पण आधी आमची यंत्रं बंद करा आणि दोन मिनिटं इथं थांबा."

"माझी कॉफी गार होतेय, बाई."

"होऊ दे. अठरा घरच्या चुली गार होण्यापेक्षा बरं."

यंत्रं थांबली. मी जरा मंदावलो, पण थांबलो नाही. का थांबू? त्या शांततेत छताजवळच्या नळ्यांतून सुस्स असा आवाज ऐकू आला. मोज्यांवरचा कोंडा उडवायला अंगणातला कॉम्प्रेसर त्या नळ्यांत हवा भरतो. सुट्टीत बंद ठेवला तर सोमवारी दाब चढायला वेळ लागतो म्हणून तो कधी बंदच करत नसत, आणि गळलेली हवा भरून काढायला तो रात्रभर वीज खात राही. यंत्रांच्या खडखडाटात ही गळती कुणाला ऐकूच आली नव्हती.

विदोसावा साबणाचं पाणी घेऊन शिडीवर चढली आणि ब्रशने एकेक सांधा माखू लागली. गळती असेल तिथे बुडबुडे फुगत. मालक खालून मोजत होते. सव्वीसनंतर त्यांनी मोजणं सोडून शिडी धरली.

"दिवे विझवत फिरलात, मालक," इलेक्ट्रिशियन म्हणाला, "आणि विकतची हवा आभाळाला वाटलीत."

पिरोतकराला याहून मोठी शिवी नाही. सगळा विभाग हसला.

सांधे बदलले, कॉम्प्रेसर रात्री बंद होऊ लागला, विभाग चालू राहिला. माझी माफी कुणी मागितली नाही, आणि मला ती नकोच.

मित्रांनो, आकडा आवडला नाही म्हणून मीटर काढू नका. कुणाच्या पोटावर पाय देण्याआधी वीज कुठे जाते ते मोजा. आमची विदोसावा अजून मालकांना सोडत नाही. रोज काम सुटल्यावर ती त्यांना माझ्यापुढे उभं करते, थांबलेली चकती दाखवते आणि मगच घरी जाते.