देव्हाऱ्यातला सुभेदार

दाजी पालवांनी सुभेदाराला जन्माला घातलं तेव्हा ते अकरावीत होते. घरच्या देव्हाऱ्यात टाकांशेजारी चांदीची एक गोल चकती होती. तिच्यावर दाढीवाला कुणीतरी, आणि घरातल्या बायका त्याला मूळपुरुष समजून रोज गंध-कुंकू लावायच्या. दाजींना नुकतंच इंग्रजी फुटलं होतं. चकतीच्या काठावर, गंधाच्या थरातून डोकावणारा एक शब्द त्यांनी लावला : सुभेदार. मागच्या बाजूला आकडे होते, १९१४-१९१८. म्हणजे हे पहिल्या महायुद्धातलं पदक, आणि दाढीवाला मूळपुरुष इंग्लंडचा राजा! एवढ्यावर थांबले तर ते दाजी कसले? त्यांनी आपल्या पणजोबांना थेट बसऱ्याला लढायला पाठवलं.

"अरे, माझो आजो मालवणच्या धक्क्यापलीकडे कधी गेलो नाय," म्हातारी आत्या सांगायची. दाजी ते तिच्या वयावर ढकलायचे.

पुढे घरावर 'सुभेदार निवास' अशी पाटी लागली. ओरोसच्या कचेरीत कारकुनी करताना दाजींनी बसऱ्याची लढाई इतक्यांदा सांगितली की शत्रूची संख्या दर बढतीला वाढत गेली. निवृत्तीनंतर फायलींच्या मागे लागून त्यांनी गावाच्या वेशीवर 'सुभेदार पालव प्रवेशद्वार' मंजूर करून घेतलं. आज दहा वाजता त्याचं उद्घाटन होतं.

सकाळी फोटोसाठी म्हणून सुशीलाबाईंनी पदक पहिल्यांदाच चिंच आणि जुना टूथब्रश लावून घासलं.

"अवो, हय आणखी कायतरी लिवलेला दिसता."

दाजींनी चष्मा लावला. सुभेदार राघोबा धुरी.

दाजींनी खिडकीतून बाहेर पाहिलं. धुऱ्यांचं घर समोरच होतं. बाळा धुरीचा पणजोबा लढाईवर गेला तो परत आलाच नाही, आणि त्याची बायको घर बंद करून काही वर्षं शिरोड्याला माहेरी जाऊन राहिली, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. टपालवाल्याने पाकीट शेजारी दिलं असणार. पालवांच्या कुणा बाईने ते जपून राहावं म्हणून देव्हाऱ्यात ठेवलं असणार. आणि देव्हाऱ्यात गेलेली वस्तू बाहेर काढायची छाती कुणाची?

बाळा पंचेचाळीस वर्षं दाजींच्या पडवीत बसून बसऱ्याची लढाई ऐकत आला होता. एकदाच त्याने विचारलं होतं, "माझो पणजो थयच गेल्लो. तुमच्या सुभेदारान बघल्लो काय तेका?"

"बघल्लो म्हणजे? हाताखालीच होतो आमच्या!" दाजी म्हणाले होते.

ते आठवून दाजींना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आता काय करतालात?" सुशीलाबाईंनी विचारलं. दाजींनी पदक खिशात टाकलं आणि टोपी घातली.

वेशीवर सगळा गाव जमला होता. गाऱ्हाणं घालायचा मान अर्थातच दाजींचा. हातात नारळ घेऊन ते उभे राहिले.

"बा देवा म्हाराजा, आज ही तुझी लेकरां तुझ्यासमोर उभी आसत..."

"व्हय म्हाराजा!" गावाने साथ दिली.

दाजींनी पदक काढून वर धरलं. "ह्या पदक पालवांचा न्हय, धुऱ्यांचा आसा!"

"व्हय म्हाराजा!"

"सुभेदार झालो तो राघोबा धुरी. आमचो पणजो खंयच गेलो नाय!"

"व्हय म्हाराजा!"

"पंचेचाळीस वर्सा ह्या दाजी पालवान गावाक फसवल्यान!"

"व्हय म्हाराजा!" गाव आणखी जोरात ओरडला. लक्ष कुणाचंच नव्हतं, सगळ्यांचे डोळे वड्यांच्या परातीकडे. दाजींच्या एखाद्या बोलण्याला इतकं एकमत उभ्या जन्मात मिळालं नव्हतं, आणि मिळालं ते नेमकं यालाच.

फक्त बाळा धुरी ओरडला नव्हता. तो पुढे आला आणि त्याने पदक हातात घेतलं. त्याला इंग्रजी येत नव्हतं, तरी काठावरून त्याने दोनदा अंगठा फिरवला.

"म्हणजे तुमच्या हाताखाली नव्हतो तो?"

"नाय रे बाळा," दाजी म्हणाले. "आमच्या देव्हाऱ्यात होतो. रोज तेका दिवो लावत इलाव."