जाळ्याचं टोक

"टोक सोडू नको बे मिथुन! सोडलं त सारा माल जाते!" जाळ्याच्या उजव्या टोकावरून नानाजी ओरडले. मी छातीभर पाण्यात उभी होते आणि माझे डोळे तलावाच्या बांधावर, पाळीवर खिळले होते. तिथं आईच्या हातात माझा मोबाईल वाजत होता.

गावासाठी मी मिथुन. शकुबाईचा मुलगा, ओढजाळ्याचं डावं टोक धरणारा गडी. माझ्यासाठी मी रीता, पण ती राहते फक्त मोबाईलमध्ये. चंद्रपूरला माझी एक मैत्रीण आहे, रंजीता. माझ्यासारखीच मुलगा म्हणून वाढलेली बाई, पण धीट. साडी नेसून भाजीवाल्याशी भांडते. तिनंच ती लिंक पाठवली होती. आमच्यासारख्या बायका एचआयव्हीची तपासणी करून घेतात का, घेत नसतील तर का नाही, असा काही अभ्यास चालला होता, आणि सगळा ऑनलाइन.

"कोनाले तोंड दाखवा लागत नाई," रंजीता म्हणाली होती. "घरबसल्या होते."

घरबसल्या! आमच्या घरात रेंज येईल तो दिवस सोन्याचा. सगळं गाव बोलायला पाळीवरच्या बाभळीखाली येतं. तिथंच उभी राहून मी त्यांची उत्तरं दिली, शेजारी चौघंजण जावयाशी नि दलालाशी कोकलत असताना. पहिलाच प्रश्न होता, आत्ता तुम्ही एकट्या आहात का? मी 'हो' दाबलं. त्यात खोटं ते काय?

मग कुरिअरनं तालुक्याच्या गावी, मूलला, तपासणीची डबी आली. आज सकाळी गोठ्यामागे जाऊन बोट टोचलं, थेंब टाकला, आणि पट्टीचा फोटो बाभळीखालून पाठवला. एक रेघ ठळक होती; दुसरी उमटली तर बिमारी. दुसरी खरंच होती की माझी भीतीच तिथं उमटली होती, काही केल्या ठरवता येईना. अभ्यासातल्या, चंद्रपूरच्या रुपाली मॅडमचा निरोप आला, 'संध्याकाळी फोन करते, मग बोलू.' चांगलं असतं तर तेव्हाच लिहिलं नसतं का?

आणि दुपारी अचानक व्यापाऱ्याची गाडी आली. उद्याचं जाळं आजच टाकायचं ठरलं. आमच्याकडे पाण्यात उतरताना गडी आपला मोबाईल घरच्या बाईकडे देतो, तसा मीही दिला. बंद करून द्यायला हवा होता. पण बंद ठेवला आणि तेवढ्यात फोन येऊन गेला, तर रात्रभर त्या रेघेसोबत कोण झोपणार? संध्याकाळच्या आत जाळं निघेल, असा मी हिशेब केला. अति शहाणा त्याचा बैल रिकामा.

आईनं फोन कानाला लावला.

मला डोमाकाका आठवला. त्याला ही बिमारी आहे असं गावात पसरलं, त्यानंतर त्याला कुणी तलावात उतरू दिलं नाही. पाणी खराब होते म्हणे. तो गडचांदूरला सिमेंटच्या कामावर गेला, तो परत दिसला नाही. गोळ्या घेतल्या की माणूस चांगला जगतो, हे मला ठाऊक होतं. रंजीतानं दहादा सांगितलं होतं. पण आमच्यासारख्या मासे धरणाऱ्या ढिवराला तलाव बंद झाला, तर त्यानं जगायचं कुठं?

आई काहीतरी बोलली. मग पाळीवरच्या इतर बायकांकडे पाठ करून ऐकत राहिली, आणि ऐकता ऐकता खाली बसली.

"काऊन थांबला बे? जोर लाव ना!" नानाजी पुन्हा ओरडले.

मी ओढत राहिले. टोक सोडून पळावं तर सगळ्या मोहल्ल्याचा माल जाणार. देवा, त्या मॅडमनं आईला काही सांगू नये, एवढंच मी म्हणत होते. जाळं काठाला लागलं. कतला, रोहू उड्या मारायला लागले, लोक हसायला लागले. मी तशीच निथळत पाळीवर चढले.

आई बायकांपासून दूर बसली होती. मोबाईल तिनं पदरात गुंडाळून धरला होता.

"कोनाचा फोन होता माय?"

"चंद्रपूरच्या बाईचा. रीता हाये का, म्हने." ती माझ्याकडे बघत नव्हती. "मी म्हटलं, पाण्यात हाये. काय काम हाये, त सांगत नाई. तिच्याशीच बोलीन म्हने."

मी हात पुढे केला, पण तिनं मोबाईल सोडला नाही.

"डोमालेबी असेच फोन ये दवाखान्यातून. घरच्याइले काई सांगत नोते." आता तिनं वर पाहिलं. "तेच हाये का तुले?"

"मले अजून मालूम नाई माय." आणि मी रडायला लागले, सगळ्यांच्या देखत.

आईनं पदरात गुंडाळलेला मोबाईल सोडवला. मग म्हणाली, "रीता नाव कोनं ठेवलं?"

"मीच."

"मले इचारलं असतं त चांगलं नाव ठेवलं असतं."

तिनं मोबाईल माझ्या हातात दिला. "लाव फोन. मी उभी राह्यतो."

मी बाभळीखाली जाऊन नंबर लावला. आई चार पावलांवर वाट अडवून उभी राहिली. तेवढ्यात शेजारचा प्रफुल मोबाईल वर धरून रेंज शोधत आला.

"मांगं सर," आई म्हणाली. "पोरगी बोलून राह्यली माही."

प्रफुल थबकला. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग आईकडे. खाली मासे निवडणाऱ्या बायकांचे हात थांबले. आता आई म्हणेल की चुकून निघालं तोंडातून, म्हणून मी वाट पाहिली. तिनं हातानंच प्रफुलला आणखी मागं सरकवलं.

पलीकडे रिंग वाजत होती. आईनं पाठमोरीच पदर कमरेला खोचला, आणि ती जागची हलली नाही.